मुद्दल

कीथलीत, प्रॉस्पेक्ट टेरेसच्या चढावर,
घरापुढच्या बुटक्या दगडी भिंतीत
लोखंडाचे खुंट आहेत, बोटभर उंचीचे,
ओळीने, तुटलेल्या दातांच्या मुळांसारखे.
पर्समध्ये किल्ली सापडेपर्यंत मी ते मोजले. एकेचाळीस.

माझं काम मेलेल्यांची यादी करण्याचं.
म्हणजे त्यांच्या वस्तूंची.
वकिलाच्या ऑफिसात याला बरंच सभ्य नाव आहे.

हेस्टर सगडेन. वय पंच्याण्णव. लग्न नाही.
वारस एक, लांबचा, कॅनडात, फोन उचलत नाही.
घड्याळ एक, चालू.
कप पाच, बशा सहा.
बिस्किटांचा डबा, आत बिस्किटं नाहीत.

डब्याच्या तळाशी एक जाड कागद:
युद्धकर्ज, १९१७, पौंड पन्नास, दर शेकडा पाच.
आईचं नाव काळ्या शाईत.
मागे पेन्सिलीने, गिचमिड:
'क्लेमेंटच्या लग्नाचे. तो आला की मोडायचे.'

क्लेमेंट आला नाही.
व्याज आलं.
एक जूनला, एक डिसेंबरला, पंचवीस शिलिंग,
शोकसभेला न चुकता येणाऱ्या
दूरच्या नातेवाइकासारखं.
बत्तीस साली सरकारने देशप्रेमाची आठवण दिली
आणि पाचाचे साडेतीन केले.
सतरा शिलिंग सहा पेन्स.
हे सगळं एका वहीत आहे, दोन रकाने, तारीख नि रक्कम.
मध्येच एका डिसेंबरात अक्षर बदलतं.
पुढे शिलिंग जातात, नवे पेन्स येतात,
साडेसत्त्याऐंशी, साडेसत्त्याऐंशी, साडेसत्त्याऐंशी.
मुद्दल तसंच.

आमच्याकडे म्हणतात, ऋण काढून सण करू नये.
ऋण काढून रण करावं की नाही
हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

हेस्टर जन्मली भाऊ गेल्यावर तीन वर्षांनी.
दुसऱ्या लढाईत ती लोकर गिरणीच्या हिशेबखात्यात होती.
चव्वेचाळीसपासून पगाराच्या पाकिटातूनच कर कापला जाऊ लागला;
कापणारी तीच, कापून घेणारीही तीच.
त्या करातून सरकार जुनं व्याज भरायचं.
म्हणजे न पाहिलेल्या भावाच्या पैशांचं व्याज
बहीणच भरत होती
आणि बहीणच घेत होती,
वहीत नोंद करून, तारखेसकट.
हे तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही.
हिशेबनीस होती ती.

खुंटांचं शेजारच्या मिस्टर ऑलरॉइडनी सांगितलं.
चाळीस-एक्केचाळीसचं साल असेल,
माणसं आली, करवतीने कुंपण कापून घेऊन गेली,
विमानं करायला म्हणे, की रणगाडे.
'कुणी म्हणतं, काही वितळवलंच नाही,
समुद्रात ढकललं.' खांदे उडवले त्यांनी.
'आम्हा पोरांना पावतीही दाखवली नाही.'

त्याच सुमारास नाशिकला छापखाना रात्रंदिवस चालू होता.
त्या नोटांनी तिकडे धान्य, कापड, बूट, माणसं घेतली
आणि लंडनच्या एका कपाटात चिठ्ठी ठेवली: नंतर देऊ.
तिकडे तांदूळ महाग होत गेला.
ते इथल्या यादीत बसत नाही.
मी रकाना शोधला, खरंच शोधला.

पायपुसण्यावर ट्रेझरीचं पत्र पडलेलं होतं.
कळवण्यास आनंद होतो की नऊ मार्चला
मुद्दल परत करण्यात येईल.
हेस्टर अकरा फेब्रुवारीला गेली.
फुलांचं बिल पासष्ट पौंड झालंय.

यादीत लिहिलं: येणे, पौंड पन्नास.
कुणाकडून, या रकान्यात काय लिहावं
याचा जरा वेळ विचार केला, मग 'देश' लिहिलं,
खोडलं, 'ट्रेझरी' लिहिलं.

दार लावलं, पायऱ्या उतरले.
भिंतीतून बाहेर पडताना हात आपोआप मागे गेला
फाटक ओढून घ्यायला.
फाटक नव्हतं.